पहिल्या दोन गोळ्या जवळ, पुढच्या भरकटतात: बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा दोष कसा शोधायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही पेनसिल्व्हेनियात राहता. सहकाऱ्याकडून .३०-०६ कॅलिबरची वापरलेली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतलीत. अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक (कुंदा), बारीक शिकारी बॅरल (नळी), वर ३-९×४० चा स्कोप. १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, चार-पाच इंचांचा पडतो. पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ असतात, पुढच्या वर आणि उजवीकडे जातात. तीन प्रकारची काडतुसं वापरून झाली, दर गोळीनंतर स्कोपचा टरेट, म्हणजे नेम हलवायची चकती, फिरवून झाला. रेंजवर कुणीतरी सांगितलं, बॅरल गेलंय, बदलून टाका. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होतो आणि तुम्ही विचारताय की बॅरल बदलू, स्कोप बदलू की रायफलच विकून टाकू.

यातलं काहीच अजून करू नका. मी अमेरिकेत बंदूकदुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हंगामाच्या तोंडावर नेमकी हीच तक्रार घेऊन रायफली येतात आणि त्यातल्या फार थोड्यांचं बॅरल खरोखर खराब निघतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात हौशी शिकार इतिहासजमा झाली, त्यामुळे मराठीत यावर लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. रायफल हातात न घेता मी निदान ठामपणे सांगू शकत नाही. पण तुमच्या वर्णनात एक गोष्ट फार मोलाची आहे, ती तुम्ही सहज लिहून गेलात.

ती म्हणजे क्रम. नुसता ‘ग्रुप मोठा आहे’ म्हटलं तर कारणं पन्नास निघतील. पण पहिल्या दोन जवळ आणि पुढच्या एकाच दिशेला, याचा अर्थ तुमचा ग्रुप विखुरलेला नाही, तो सरकतोय. विखुरणं आणि सरकणं हे दोन वेगळे आजार आहेत. विखुरलेल्या ग्रुपमागे सैल स्क्रू, बिघडलेला स्कोप, न मानवणारं काडतूस किंवा चाप ओढणारा हात असतो. सरकणाऱ्या ग्रुपमागे बहुतेक वेळा तापलेलं बॅरल आणि त्याला कुठेतरी टेकलेलं लाकूड असतं. म्हणून इथून पुढे रेंजवर वही न्या, आणि कितवी गोळी कुठे लागली ते प्रत्येक बारानंतर दुर्बिणीतून बघून नोंदवा. टार्गेटचे कागद फेकू नका, त्यांवर तारीख, काडतूस आणि हवामान लिहून ठेवा.

किती अचूकता हवी, तेही आधी ठरवू. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं वर्म, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा भाग, साधारण आठ इंचांच्या वर्तुळात बसतो. १०० यार्डांवर पाच इंच पसरणारी रायफल २०० यार्डांवर दहा इंच पसरेल, म्हणजे तुमचा नेम बिनचूक असला तरी गोळी पोटात जाऊ शकते. जखमी जनावर रानात तडफडत राहणं ही शिकाऱ्याच्या हातून होणारी सगळ्यात वाईट गोष्ट आहे, आणि हा सगळा खटाटोप त्यासाठीच करायचा. मात्र अर्ध्या इंचाच्या ग्रुपच्या मागेही लागू नका. तुमच्यासारख्या रायफलने थंड बॅरलवर दीड ते दोन इंच दिले की रानातल्या कामाला ती पुरेशी आहे.

आता टरेट. तो फिरवणं आजपासून बंद. ज्या रायफलचा ग्रुप चार इंचांचा आहे तिची एक गोळी मध्यापासून दोन इंच कुठेही पडू शकते. त्या एका गोळीवरून स्कोप हलवलात तर पुढची विरुद्ध बाजूला जाणार, तुम्ही परत हलवणार, आणि शेवटी कागदावर तुमच्याच बोटांनी केलेला पसारा उरणार. ग्रुप लहान होईपर्यंत तो कागदावर कुठे पडतो याला काही महत्त्व नाही.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवरही फार विसंबू नका. गणित असं आहे की त्याच रायफलचा, त्याच काडतुसाचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सुमारे सव्वापट मोठा असतो आणि दहा गोळ्यांचा दीडपटीहून थोडा जास्त. त्यात रायफलचा काही दोष नसतो, गोळ्या वाढल्या की टोकाच्या गोळ्याही वाढतात. त्यामुळे काल तीन गोळ्यांत दीड इंच आला आणि आज पाचांत दोन, तर रायफल बिघडली असं समजू नका.

कामाला सुरुवात करताना बोल्ट (मागेपुढे सरकणारा, नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा) बाहेर काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे बघा, आत काही अडकलेलं नाही ना. बॅरलवर कोरलेलं कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचं कॅलिबर एकच आहे ना, हेही बघा. वापरलेल्या रायफलच्या बाबतीत ही खात्री दुसऱ्याच्या शब्दावर सोडायची नाही.

मग स्क्रू. सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो. स्कोपच्या रिंगा सोडवा, स्कोप उतरवा, खालचा बेस हाताने हलवून बघा. बेसचे स्क्रू वरून घट्ट वाटतात, पण काढल्यावर आट्यांवर तेल असतं आणि ते दर बाराबरोबर कणाकणाने सैल होत असतात. आटे आणि भोकं अ‍ॅसिटोनने पुसून कोरडी करा, निळ्या रंगाचं, म्हणजे पुन्हा सुटणारं, थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) थेंबभर लावा आणि इंच-पाउंड दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने बसवा. रिंगांच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, बेसला त्याहून थोडं जास्त लागतं. पण ज्याने बेस आणि रिंगा बनवल्या त्याचा आकडा शेवटचा माना. पुढच्या बेसच्या स्क्रूकडे खास लक्ष द्या. तो प्रमाणापेक्षा लांब असेल तर खाली बॅरलच्या आट्यांवर किंवा बोल्टच्या लगवर (पुढच्या दातावर) टेकतो. पाना सांगतो घट्ट, बेस मात्र मोकळाच. बोल्ट मागेपुढे करताना एका ठिकाणी घासल्यासारखं वाटलं तर तो स्क्रू काढून पुन्हा करून बघा. घासणं गेलं तर दोषी सापडला.

स्कोप चढवून झाला की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. वीस बारांनंतर रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

त्यानंतर स्टॉक आणि अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा) जोडणारे खालचे स्क्रू. साध्या लाकडी स्टॉकला ३५ ते ४५ इंच-पाउंड बहुधा योग्य ठरतात. आत धातूचे पिलर (स्क्रूभोवतीची नळकांडी) बसवलेले असतील तर ६० ते ६५ पर्यंत चालतात. तुमच्या रायफलला तीन स्क्रू असतील, जसे विंचेस्टर मॉडेल ७० ला असतात, तर पुढचा आणि मागचा घट्ट करा आणि मधला नुसता टेकवा. मधला आवळला की अ‍ॅक्शन वाकते, आणि वाकलेली अ‍ॅक्शन दर बाराला थोडी वेगळी बसते. मॅगझिनची पत्र्याची पेटीही बघा. सगळे स्क्रू आवळल्यावर ती बोटाने किंचित हलली पाहिजे. ती अ‍ॅक्शन आणि खालच्या पट्टीच्या मध्ये चेपली गेली असेल तर अ‍ॅक्शन लाकडाऐवजी त्या पेटीवर बसली आहे असं समजा.

एवढं झाल्यावर रेंजवर जाऊन एकच चाचणी करा. तुमच्या बाबतीत ती निर्णायक ठरेल असं मला वाटतं. एकाच डब्यातली दहा काडतुसं घ्या. पहिल्या पाच गोळ्या सावकाश झाडा, दर गोळीनंतर बोल्ट उघडा ठेवून बॅरल पूर्ण गार होऊ द्या, मग पाच मिनिटं लागोत की दहा. नंतर दुसऱ्या कागदावर पुढच्या पाच गोळ्या मिनिटाला एक अशा झाडा. सावकाश ग्रुप लहान आला आणि दुसरा पुन्हा वर-उजवीकडे चालत गेला, तर उष्णता आणि लाकूड यांच्यावरचा संशय बळावला. दोन्ही सारखेच विखुरले, तर लाकूड बाजूला ठेवून स्कोप, काडतूस आणि नेमबाज यांच्याकडे वळायचं.

पहिली शक्यता जास्त दिसते, म्हणून त्यावर जरा थांबतो. शिकारी बॅरल बारीक असतं, कारण रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची असते. बारीक बॅरल लवकर तापतं. तापताना ते किंचित सरकतं, आणि एका बाजूला लाकूड टेकलेलं असेल तर दाब वाढत जाऊन ते विरुद्ध बाजूला ढकललं जातं. तुमच्या गोळ्या वर आणि उजवीकडे जातात, म्हणून फोरएंडच्या, म्हणजे बॅरलखालच्या लाकडाच्या, टोकाजवळ खालची आणि डावी बाजू आधी तपासा. डॉलरची कोरी नोट बॅरलखाली घालून अ‍ॅक्शनच्या दिशेने सरकवत न्या, अडेल तिथे पेन्सिलने खूण करा. अक्रोडाचं लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि हिवाळ्यात घरातल्या हीटरने सुकून आक्रसतं. इथला ऑगस्ट दमट, नोव्हेंबर कोरडा. म्हणून ऑगस्टमध्ये जुळवलेला नेम हंगामात हललेला सापडतो, आणि लोक त्याचं खापर स्कोपवर फोडतात.

दुसरी तपासणी मला फार आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. रायफल बुडावर उभी धरा. एका हाताचं बोट फोरएंडच्या टोकाशी असं ठेवा की ते लाकडाला आणि बॅरलला एकाच वेळी टेकेल. दुसऱ्या हाताने अ‍ॅक्शनचा पुढचा स्क्रू सोडा आणि पुन्हा आवळा. बॅरल आणि लाकूड यांच्यात हालचाल बोटाला स्पष्ट जाणवली, तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये सपाट बसलेली नाही, स्क्रू तिला ओढून वाकवतोय. अशा रायफलला बेडिंग करावं लागतं, म्हणजे रिकॉइल लगच्या (धक्का लाकडावर पेलणाऱ्या अ‍ॅक्शनखालच्या दाताच्या) मागे आणि अ‍ॅक्शनखाली इपॉक्सीचा नेमका साचा घ्यावा लागतो.

नोट कुठेतरी अडली म्हणून लगेच पॉलिशपेपर घेऊन लाकूड घासायला बसू नका. काही कारखान्यांनी फोरएंडच्या टोकाला मुद्दाम दाबाचा उंचवटा ठेवलेला असतो आणि काही बॅरलं त्या दाबानेच शांत राहतात. घासलेलं लाकूड परत येत नाही. त्याऐवजी अ‍ॅक्शनच्या पुढच्या स्क्रूजवळ, अ‍ॅक्शन आणि लाकूड यांच्यामध्ये, जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घाला. बॅरल तात्पुरतं उचललं जाईल. नोट आता शेवटपर्यंत सरकते ना, स्क्रू पुरेसे आटे पकडतो ना आणि बोल्ट नीट चालतो ना, हे बघून तीच दहा गोळ्यांची चाचणी पुन्हा करा. सरकणं थांबलं तर फोरएंडची खाच रुंद करून बॅरल मोकळं करणं योग्य. उलट ग्रुप आणखी बिघडला, तर कार्ड काढून ते फोरएंडच्या टोकाखाली घाला आणि दाब वाढवून बघा. उत्तर कागदावर दिसेल, मगच लाकडाला हात लावा. इपॉक्सी बेडिंग मात्र पहिल्यांदा स्वतः करू नका. रिलीज एजंटचा (इपॉक्सी धातूला चिकटू न देणाऱ्या लेपाचा) थर एका कोपऱ्यात जरी लागला नाही तरी अ‍ॅक्शन स्टॉकला कायमची चिकटते. त्यासाठी गनस्मिथकडे जा, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत जा, कारण नंतर सगळ्यांकडे रांग असते.

स्कोप खराब आहे का, हे कळायला नवा घ्यायची गरज नाही. दुसऱ्या रायफलवर चोख चालणारा एखादा स्कोप मित्राकडून मागून घ्या, तुमच्या रायफलवर चढवा आणि पाच गोळ्या झाडा. बिघडलेल्या स्कोपची एक ओळखीची खूण असते: ग्रुपचे दोन पुंजके पडतात, कारण आतला भाग दर हादऱ्याला इकडे नाहीतर तिकडे बसतो. तुमचं वर्णन तसं नाही. पॅरालॅक्सही, म्हणजे डोळा हलला की नेमाचं चिन्ह लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं, लक्षात ठेवा. शिकारी स्कोपचा पॅरालॅक्स बहुधा १०० यार्डांना जुळवलेला असतो, छोट्या .२२ रायफलच्या स्कोपचा ५० ला. आधीच्या मालकाने .२२ चा स्कोप चढवला असेल तर गालाची जागा बदलली की नेम बदलतो.

स्वतःच्या हाताची तपासणी लोक टाळतात, पण ती करा. हलक्या .३०-०६ चा धक्का वीस फूट-पाउंडांच्या आसपास असतो. पहिल्या दोन बारांनंतर खांदा नकळत तयारी करू लागतो आणि चाप ओढताना शरीर दचकतं. तिसऱ्या गोळीपासून भरकटण्याचं हेही एक खरं कारण आहे, आणि बाहेरून ते तापलेल्या बॅरलसारखंच दिसतं. जोडीदाराला सांगा, तुमच्या नजरेआड कधी खरं काडतूस, कधी डमी भरून द्यायला. डमीवर चाप ओढताना नळीचं टोक खाली गेलं की काय चाललंय ते तुम्हालाच दिसेल. उपाय म्हणजे कानात प्लग आणि वरून मफ दोन्ही घालणं, खांद्यावर पॅड वापरणं आणि .२२ वर भरपूर सराव. निदानासाठी तीच रायफल एखाद्या अनुभवी नेमबाजाला पाच गोळ्या झाडायला द्या. त्याच्याही गोळ्या त्याच दिशेला गेल्या तर तुमचा हात निर्दोष आहे. बाकावर रायफल ठेवताना वाळूची पिशवी फोरएंडखाली हवी, बॅरलखाली कधीच नाही. पट्ट्याचा हूक पिशवीला धडकत नाही ना, तेही बघा.

काडतुसांबद्दल. तुम्ही तीन प्रकार वापरलेत, पण तापलेल्या बॅरलवर आणि दर गोळीला टरेट हलवत. त्यामुळे त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही, ते कागद बाजूला ठेवा. वरचं सगळं जागेवर आल्यावर १५०, १६५ आणि १८० ग्रेनच्या गोळ्यांचे एकेक डबे घेऊन थंड बॅरलवर प्रत्येकी दोन ग्रुप काढा. .३०-०६ च्या नळीतल्या खाचांचा पीळ सहसा दहा इंचांत एक फेरा असा असतो आणि तो ही तिन्ही वजनं सांभाळतो, त्यामुळे पिळाची चिंता तुम्हाला नाही. हाच प्रश्न .२४३ वाल्यांना पडला तर त्यांनी कागदावरची भोकं बघावीत. ती लांबट दिसली तर गोळी आडवी होऊन येतेय, म्हणजे नळीच्या पिळाच्या मानाने ती फार लांब आहे. कॅलिफोर्नियातल्या वाचकांना जुलै २०१९ पासून शिकारीला शिसेविरहित गोळ्याच वापराव्या लागतात. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, तेव्हा तिची चाचणी वेगळी करावी. एकाच बनावटीच्या काडतुसांतही लॉट (कारखान्यात एकदम बनलेली खेप) बदलला की फरक पडतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या दर्जाचे नेमबाज .२२ ची काडतुसं आपल्या बॅरलवर लॉटनुसार तपासूनच निवडतात. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही, पण आवडलेल्या लॉटचे दोन-तीन डबे एकदम घेऊन ठेवा.

राहिलं बॅरल. आधी साफ करा. बोर गाइड (गज नळीत सरळ ठेवणारी नळी) लावून मागच्या बाजूने गज घाला, तांबं काढणारं सॉल्व्हंट लावा, काही मिनिटांनी कोरडी चिंधी फिरवा. चिंधी निळी आली तर आत तांबं साचलंय. निळेपणा जाईपर्यंत हे चालू ठेवा, मात्र पितळी जॅग (गजाच्या टोकाचा, चिंधी धरणारा तुकडा) वापरू नका, नाहीतर सॉल्व्हंट जॅगलाच खाऊन चिंधी निळी करत राहील. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या दोन-चार गोळ्या मोजू नका. मग नळीचं तोंड. कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडातून चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेने ओढा. कापसाचे धागे एकाच जागी अडकत असतील तर तिथे कड दुखावली आहे. गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि तिला ढकलतो. गनस्मिथ ही कड पुन्हा कापून देतो, बॅरल बदलण्याच्या मानाने हे किरकोळ काम आहे. .३०-०६ चं बॅरल झिजायला काही हजार गोळ्या लागतात. हंगामात एक-दोन डबे उडवणाऱ्या माणसाच्या रायफलला तो आकडा गाठायला आयुष्य पुरत नाही.

म्हणजे क्रम असा: स्क्रू, सावकाश-जलद चाचणी, लाकूड, उसना स्कोप, दुसऱ्याचा हात, काडतूस, सफाई आणि नळीचं तोंड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मध्ये ग्रुप काढा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सफाई शेवटी लिहिली असली तरी आधीच्या मालकाने ती कधी केली हे माहीत नसेल, तर ती पहिल्याच दिवशी उरकून घ्या.

हंगामाच्या आठवडाभर आधी सकाळच्या गारव्यात, थंड आणि एका बाराने मळलेल्या नळीतून, एकच गोळी झाडा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच कागदावर. रानात तुम्हाला तीच पहिली गोळी मिळणार आहे, म्हणून स्कोपचा शेवटचा नेम त्या तीन भोकांच्या मध्यावर लावा. तोवर ग्रुप दोन इंचांवर आला नसेल तर यंदा १०० यार्डांपलीकडे बार काढू नका. सावकाश आणि जलद असे दोन्ही कागद, गोळ्यांचे क्रमांक घालून, फोटो काढून पाठवा. सोबत नोट कुठे अडली ते, अ‍ॅक्शनला किती स्क्रू आहेत ते आणि स्टॉकवर रिकॉइल लगच्या मागे चीर आहे का तेही लिहा. त्यावरून बेडिंग लागेल की कार्डावर भागेल, ते बऱ्याच खात्रीने सांगता येईल.